आधी गटार, मग कमान

डिसेंबर उजाडला की नगरपालिकेत पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. वॉर्डावॉर्डातून कामांच्या याद्या जातात. कुठे सभामंडप, कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे स्वागत कमान. या सदरात आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, लहान मुलांच्या लसी अशा विषयांवर बोलतो. आज मात्र मी या याद्यांविषयी लिहिणार आहे. डॉक्टरांनी नाडी सोडून गटारात कशाला हात घालावा, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. आठ दिवसांत एकाच गल्लीतली चार माणसे माझ्याकडे कावीळ घेऊन आली. त्यांत एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावर वासना नाही, बोलताना तोंडातल्या तोंडात पुटपुटणे. मी तिला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. ती वाचली, तिचे बाळ वाचले नाही. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात सोडते. गरोदर स्त्रियांना मात्र ती शत्रूसारखी असते. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते.

संध्याकाळी दवाखाना बंद करून मी त्या गल्लीत गेलो. गल्ली तशी देखणी. लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, तोंडाशी कमान. कडेच्या गटारात वाकून पाहिले, तर घराघरांत जाणारे अर्ध्या इंचाचे लोखंडी नळ त्या काळ्या पाण्यातूनच गेलेले. दोन ठिकाणी गंजून भोके पडलेली, त्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. तिथल्या एक आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, वरून रांगोळी काढली, पण खालून घर कुजलेलंच राहिलं.”

मला मान खाली घालावी लागली. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच ब्लॉकच्या कामाचा नारळ फोडायला व्यासपीठावर मीही होतो. “आता चिखल गेला, आता आजार जातील,” असे भाषणही ठोकले होते. ब्लॉकखाली काय आहे, हे मी विचारले नव्हते.

नळातून गटाराचे पाणी कसे येते, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे चोवीस तास पाणी नसते. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, तेही तासभर. नळ भरून वाहत असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि भोकातून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, नळ रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात कुणी थेट नळाला मोटर लावली, तर ओढ आणखी वाढते. पुढच्या वेळी पाणी सुटते तेव्हा पहिला लोट या घाणीचा असतो. टाकीवर क्लोरीन टाकलेले असते, पण वाटेत एवढी घाण मिसळली की ते खर्ची पडते. शेवटच्या नळाला दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. तपासणी सोपी आहे. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. त्या गल्लीत मी ती तपासणी करून घेतली. पाणी पांढरेच राहिले.

आणखी एक गोष्ट. ही कावीळ घाण पोटात गेल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. म्हणजे रोगी दवाखान्यात येतो तेव्हा गळती होऊन महिना उलटलेला असतो, कधी ती बुजवलेलीही असते. म्हणूनच साथ आल्यावर धावाधाव करून फारसे हाती लागत नाही. गळती आधीच शोधावी लागते, आणि त्यासाठी पैसा आधीच ठेवावा लागतो.

असे प्रकार आपल्याच गावात होतात असे नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या भागात अचानक हातापायांतली शक्ती जाणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. रुग्ण प्रामुख्याने महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांच्या परिसरातले होते. हद्द वाढली, इमारती उठल्या, पण पाणी शुद्ध करण्याची सोय मागे राहिली. आपल्या गावाभोवतीच्या नव्या कॉलन्यांची स्थिती याहून वेगळी आहे काय?

आपल्या खानदेशातल्या वाचकांना सुरत वेगळी सांगायला नको. कुणाचा भाऊ, कुणाचा मामा लिंबायत-उधन्याला असतोच. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली. मी तेव्हा नवखा डॉक्टर होतो. सुरतेकडून आलेल्या गाड्यांतून उतरणाऱ्यांना तपासण्यासाठी आम्हाला स्टेशनवर उभे केले होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या. एक बाई बोचके छातीशी धरून विचारत होती, “आता परत जायचं की नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर पुढच्या दोन वर्षांत सुरतेनेच दिले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी कर्मचारी बाहेरून आणले नाहीत. तीच महापालिका, तेच सफाई कामगार. फरक केला तो कामाच्या क्रमात आणि जबाबदारीत. विभागप्रमुखांना निर्णयाचे व खर्चाचे अधिकार दिले आणि रोज सकाळी गल्लीबोळांत फिरायला लावले. रात्रीची सफाई सुरू केली. झोपडपट्ट्यांत पाणी, गटारे, संडास नेले. दवाखान्यांकडून आजारांची माहिती गोळा करून कुठे काय बिघडले आहे, हे पाहायला सुरुवात केली. १९९६ साली ‘इंटॅक’ या संस्थेने त्याच सुरतेला देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरवले. त्या बोचकेवाल्या बाईला मी आज निःशंकपणे ‘जा’ म्हणालो असतो.

सांगायचे तात्पर्य असे की, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा निम्मा आरोग्याचा प्रश्न आहे. माझ्या मते क्रम साधा आहे. जमिनीखालचे आधी, जमिनीवरचे नंतर. पहिले काम पिण्याच्या पाण्याचे. नळ गटारातून बाहेर काढणे, गंजलेले बदलणे, गळत्या बुजवणे. दुसरे सांडपाण्याचे. गटारांना उतार देणे, तुंबणारी वाहती करणे. तिसरे संडासांचे. चौथे कचऱ्याचे. एवढे झाले की रस्ता करा, ब्लॉक बसवा, दिवे लावा, आणि पैसे उरले तर खुशाल कमान उभारा. क्रम उलटा केला की काय होते, ते आमच्या गल्लीने पाहिले. गळती शोधायला तेच नवे ब्लॉक उखडावे लागले, म्हणजे एकाच कामाचा पैसा दोनदा गेला. आज तिथे ब्लॉकही धड नाहीत.

संडासांविषयी थोडे जास्त लिहितो, कारण त्यावर कुणी भाषण करीत नाही. सामूहिक शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानाचा निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन असा आहे. आपल्या वस्तीतल्या संडासांची आसने मोजा, त्यांतली दार-कडी-पाणी असलेली वेगळी मोजा, मग भागाकार करा. रात्री अंधारात जावे लागू नये म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, लघवी तासन्‌तास दाबून धरतात. मग लघवीची आग, वरचेवर ताप, मूतखडे. मी गोळ्या देतो. त्यांना खरे औषध हवे ते दाराला कडी आणि वाटेवर दिव्याचे. म्हणून दिवा ही सगळीकडे चैन नसते. चौकातल्या सुशोभित कारंज्यावरचा दिवा आणि संडासाच्या वाटेवरचा दिवा, यांत अंदाजपत्रकाने फरक केला पाहिजे.

“पैसा नाही” हे उत्तर ठरलेले असते. ते प्रत्येक वेळी खरे असतेच असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना जे अनुदान सुचवले, त्यातली साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती. आपल्या गावाला त्यातले किती आले, कोणत्या वॉर्डात कशावर खर्च झाले, हे किती नागरिकांनी विचारले? मीही विचारले नाही.

खरी अडचण अशी की विचारायचे कुठे? खेड्यात ग्रामसभा असते. ती कशीही भरो, सरपंचाला समोर बसावे तरी लागते. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा असे विषय सोपवण्याची तरतूद केली. पण वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख व त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. आपली छोटी शहरे मधल्या मधे राहिली. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अर्ज भरून घेऊन त्यांनी सुचवलेली छोटी कामे अंदाजपत्रकात धरण्याची पद्धत सुरू केली. छोट्या नगरपालिकेला हे जमणार नाही असे मुळीच नाही. उलट इथे नगरसेवक, मुख्याधिकारी आणि नागरिक रोज एकाच भाजीबाजारात भेटतात.

माझी सूचना एवढीच आहे. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी प्रत्येक वॉर्डाने एक रविवार काढावा. शाळेच्या पटांगणात बसावे. गावातल्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी वर्षभरातल्या कावीळ, विषमज्वर, जुलाब आणि डेंग्यूच्या रुग्णांची गल्लीवार संख्या आणावी. नावे नकोत, फक्त संख्या. वॉर्डाच्या नकाशावर त्या जागी टिकल्या लावाव्यात. जिथे टिकल्या दाट, तिथले काम यादीत पहिले. या नकाशाला पक्ष नसतो, जात नसते. मग ती यादी पन्नास-शंभर सह्यांनिशी नगरसेवकाच्या हाती द्यावी, आणि वर्षाअखेरी त्यातले किती झाले, हे विचारायला त्याच पटांगणात पुन्हा बसावे. डॉक्टर मंडळींना माझे सांगणे आहे की, आपल्या रजिस्टरात ही माहिती पडून आहे. ती बाहेर काढली नाही, तर आपण नुसते सलाईन लावत राहू.

आता नगरसेवकाची बाजू. त्या गल्लीतल्या प्रकारानंतर मी आमच्या नगरसेवकांशी बोललो. माणूस वाईट नाही, रात्री-बेरात्री रुग्णाला गाडी देणारा आहे. तो म्हणाला, “डॉक्टर, कमानीवर माझं नाव दिसतं. जमिनीखालच्या पाइपावर नाव कुठं लिहू? पुढच्या वेळी लोक विचारतात, तू पाच वर्षांत काय दाखवलंस?” या प्रश्नाचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. जे दिसते त्यालाच विकास म्हणण्याची सवय आपल्या सर्वांना लागली आहे. मी नारळ फोडला, तुम्ही टाळ्या वाजवल्या.

तेव्हा सवय आपणच बदलली पाहिजे. ज्याने गटारातून नळ बाहेर काढले, त्याच्या नावाची पाटी त्या गल्लीच्या तोंडाशी आपण वर्गणी काढून लावावी. खाली लिहावे, ‘या गल्लीत तीन वर्षांत काविळीचा एकही रुग्ण नाही.’ त्या पाटीचा नारळ फोडायला मला बोलवा. मी येईन. मात्र त्याआधी गटारात वाकून पाहीन.