गोधडीची बाजू

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमच्या आळीत तीच तीन वाक्यं कानावर पडतात. पहाटे पाचच्या सुमाराला कानाला मफलर गुंडाळून माणसं स्टेशनची वाट धरतात, टपरीवर चहासाठी थांबतात आणि कुणीतरी म्हणतं, "ही काय थंडी म्हणायची? निफाडला जाऊन बघा." दुसरा म्हणतो, "एवढं वाजतंय तर हीटर घ्या ना." तिसरा म्हणतो, "हीटर कशाला? चार लाकडं पेटवा, फुकटात काम होतं." ही तिन्ही वाक्यं मला अमान्य आहेत. ती ऐकून दुखणं अंगावर काढणारी, बिल बघून हबकणारी आणि धुराने खोकणारी माणसं मी याच आळीत पाहिली आहेत. म्हणून हा वाद मला कागदावर मांडायचा आहे.

पहिलं वाक्य घेतो. थंडी कमी म्हणून तिचा त्रासही कमी, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. मुंबईच्या नोंदींत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश तापमान होतं, आणि अलीकडे ९ डिसेंबर २०२४ ला सांताक्रूझचा पारा १३.७ पर्यंत उतरला. त्याच पहाटे समुद्राला लागून असलेल्या कुलाब्यात तो बराच वर होता. समुद्र रात्रीचा गारवा अडवतो. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, पूर्वेला गवळीदेवचा डोंगर. रात्री वारा जमिनीकडून, उत्तर-पूर्वेकडून येतो आणि पहाटे चार ते सात या वेळेत अंगात शिरतो. निफाडशी तुलना इथे गैरलागू आहे. निफाडचा माणूस थंडीची तयारी करून असतो. आमच्याकडे स्वेटर पेटीच्या तळाशी आणि अंगावर सुती चादर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कडाक्याच्या थंडीपेक्षा बेताची थंडी जास्त माणसं नेते. भारतभरच्या मृत्यूंच्या नोंदी आणि तापमान यांचा मेळ घालणारा एक अभ्यास २०१८ साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आला. पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार यांत बेताच्या थंडीचा वाटा अतिथंडीच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा, असा त्याचा निष्कर्ष. कारण उघड आहे. कडाक्याचे दिवस मोजके, बेताचे दिवस पुष्कळ. आणि बेताच्या थंडीत कुणी काळजी घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी थंडी पडणाऱ्या देशांसाठी घरातल्या तापमानाची खालची मर्यादा १८ अंश सुचवली. आमच्या गावठाणातल्या पत्र्याच्या खोलीत जानेवारीतल्या पहाटे पारा त्याच्या खाली जातो, हे सांगायला यंत्र लागत नाही. दम्याचं म्हातारं माणूस घरात असलं की पुरतं. त्या माणसाला "थंडी कुठे आहे?" असं विचारणं मला निर्दय वाटतं.

आता दुसरं वाक्य, हीटरचं. थंडी खरी असेल तर खोली तापवा, हे सरळ वाटतं, पण तिथेच चूक आहे. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा, वजनाने ३६-३७ किलो. ती पाच अंशांनी तापवायला युनिटाच्या विसाव्या भागाएवढी वीज पुरते. मग २००० वॅटचा हीटर तासन् तास का चालतो? कारण तापलेली हवा थांबत नाही. ती वर छताकडे जाते, सरकत्या खिडकीच्या फटीतून आणि दाराखालून निघून जाते. उरलेली उष्णता साडेचार इंची भिंत पिऊन टाकते, वर पत्रा असेल तर तो आभाळाला देऊन टाकतो. हीटर बंद केल्यावर पंधरा मिनिटांत खोली होती तशी. या बांधकामात हीटर लावणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

त्याचा पैशांतला हिशेब असा. २००० वॅट म्हणजे तासाला दोन युनिट. रात्री चार तास लावला तर आठ, महिन्याला २४०. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या घरात, ३०१ पासून आणखी वर. ज्या घराचं बिल ९० युनिटांचं आहे ते एका हीटरने ३३० वर जातं, म्हणजे वाढलेली जवळजवळ सगळी वीज महागड्या टप्प्यांत पडते. शिवाय गावठाणातल्या किती भाडेकरूंच्या नावावर मीटर आहे? घरमालकाने बसवलेला पोटमीटर आणि त्याने ठरवलेला एकच दर, अशीच पद्धत बहुतेक खोल्यांत. स्वस्त टप्पा त्यांच्या वाट्याला येतच नाही. आणि २००० वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरसाठी असलेल्या पाच-सहा अँपिअरच्या बटणावर तो हीटर लावला की तारा तापतात. भिंतीतल्या तारा जळताना दिसत नाहीत.

हीटर कुठेच नको, असं मी म्हणत नाही. महिन्याभराच्या बाळाला आंघोळ घालताना, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे कपडे बदलताना पंधरा मिनिटं हीटर लावला तर अर्धं युनिट जातं. ते सार्थकी लागतं. माझा आक्षेप रात्रभर खोली तापवण्याला आहे.

तिसरं वाक्य सगळ्यांत लाडकं: शेकोटी फुकट असते. शेकोटीवर माझं बालपण गेलं, तिच्याविषयी मला राग नाही. पण तेव्हा शेकोटीत पेंढा, गोवऱ्या आणि खारफुटीच्या वाळल्या काटक्या जायच्या. आज सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या फाटकांशी आणि गावाच्या नाक्यावर काय जळतं ते जवळ जाऊन पाहा: पुठ्ठे, थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. हिवाळ्यात वारा मंद असतो, धूर वर जात नाही, जमिनीलगतच पसरतो. ठाणे-बेलापूर रस्त्याची वाहतूक आणि एमआयडीसीचे कारखाने यांची हवा आम्ही आधीच ओढतो. त्यात हा धूर. ज्याची शेकोटी त्याला फुकट. शेजारच्या घरातलं मूल त्याची किंमत डॉक्टरच्या फीमध्ये देतं.

इथे दोष पहारेकऱ्यावर टाकून चालणार नाही. बारा तास उघड्यावर बसलेल्या माणसाने शेकायचं कुठे? दिल्लीत हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने लागू होणारे निर्बंध आहेत, त्यांत निवासी सोसायट्यांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत असं कलमच आहे. तापलेल्या दांडीचा हीटर समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर थेट किरण टाकतो, मधल्या हवेवर अवलंबून राहत नाही. आमच्या परिसरातल्या सोसायट्यांनी एवढं करावं आणि त्याबरोबर एक जाड जॅकेट द्यावं. देखभालीच्या पैशांत ते सहज बसतं.

हीच शेकोटी घमेल्यात भरून दार लावून घेतलं तर प्रश्न धुरापुरता राहत नाही. कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणूस झोपेतून उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत मुलंही होती, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसच्या हीटरमुळे असेच गेले. बिनखिडकीच्या न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर हेच करतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा. यात काटकसरीची सबब मी ऐकून घेणार नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की खोलीचा नाद सोडावा आणि ऊब अंगाशी धरून ठेवावी. झोपलेला माणूस सुमारे ७०-८० वॅट उष्णता देत असतो. ही शेगडी प्रत्येकाच्या अंगात आहे आणि तिचं बिल जेवणात भरलेलं असतं. तिची उष्णता वाया जाऊ दिली नाही की झालं. गोधडी नेमकं हेच करते. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये अडकलेली हवा, धावदोऱ्याने सगळं जागच्या जागी धरलेलं. ऊब देते ती त्या थरांमधली स्थिर हवा. आमच्या आगरी बोलण्यात तिला गोधरी म्हणतात. माझी आजी दर पावसाळ्यात एक शिवायची आणि दिवाळीनंतर सगळ्या गोधड्या उन्हात टाकायची, कारण दमट गोधडी ऊब देत नाही, खाडीकाठी तर नाहीच. गोधडी नसेल तर एका जाड ब्लँकेटऐवजी दोन सोलापुरी चादरी घ्या, मधली हवा आपलं काम करते.

पण पांघरुणावर सगळा भर देण्यात एक चूक होते, ती अंथरुणाची. गावठाणातली निम्मी माणसं जमिनीवर झोपतात. पूर्वी खाली शेणाने सारवलेली जमीन असायची, थंडीत तिच्यावर भाताचा पेंढा आणि वर गोणपाट. १९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, शेती संपली आणि पेंढाही संपला. आता खाली चकचकीत फरशी. ती अंगातली उष्णता ओढत राहते, आणि पातळ सतरंजी तिला अडवू शकत नाही. वर तीन पांघरुणं घेऊनही पहाटे पाठ गार पडते ती यामुळे. खाली पुठ्ठे उघडून पसरा, पॅकिंगचा फोम मिळाला तर तो घाला, त्यावर गादी. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

गरम पाण्याच्या पिशवीचाही हिशेब करून पाहिला. दोन लिटर पाणी ६० अंशांवरून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता देतं, तेवढ्यात ती दहा बाय बाराची सगळी खोली पाच अंशांनी तापली असती. खोलीतली ऊब पंधरा मिनिटांत गेली असती. गोधडीखालच्या पायांशी ती दोन-तीन तास राहते. पाणी उकळतं नको, पिशवीला फडकं गुंडाळा, आणि मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्यांनी ती पायाशी घेऊ नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. वयस्क माणसासाठी विजेचं ब्लँकेट घेतलं तर रात्रीला एखाद्या युनिटात काम होतं. त्याला माझी हरकत नाही, त्यातही माणूसच ऊबदार होतो.

हिवाळ्यातला मोठा खर्च आंघोळीच्या पाण्यावर होतो, त्याकडे मात्र लक्ष जात नाही. वीस लिटरची बादली २४ अंशांवरून ४० ला न्यायला ०.३७ युनिट लागतं. चार जणांचं घर असेल तर महिन्याला सुमारे ४५ युनिटं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आयतं कोमट असतं. ज्यांना सकाळी कामावर जायचं नाही त्यांनी आंघोळ दुपारी करावी. आणि डिसेंबरातही इथली दुपार तिशीच्या आसपास असते, हे निफाडला नसलेलं सुख आपल्याला आहे. दुपारी दारं-खिडक्या सताड उघडा, भिंतींना तापू द्या, ऊन मावळताना लावून घ्या. त्याने दिवसभर हवाही खेळते. क्षयाच्या जंतूंना आणि बुरशीला बंद खोली आवडते.

हे सुख तळमजल्यावरच्यांना नाही. गावठाणात इमारती एवढ्या चिकटून उभ्या राहिल्या आहेत की खिडकीतून हात लांब केला तर शेजारची भिंत लागते. त्या खोल्यांत वर्षभर ऊन शिरत नाही. भाडं मात्र इतरांइतकंच. थंडीच्या आधी खिडकीच्या फटी बुजवणं आणि जुन्या तारा बदलणं ही जबाबदारी घरमालकांची आहे, आणि मी स्वतः गावकरी असल्याने हे आपल्याच माणसांना सांगतो आहे.

गेल्या जानेवारीत आमच्या मागच्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाईने बाळासाठी हीटर आणला. महिन्याचं बिल हातात आल्यावर ती आमच्या दारात आली, म्हणाली, "काकू, एवढे पैसे तर मी कामाचे मिळवत नाही." माझ्या बायकोने तिला माळ्यावरची एक गोधडी काढून दिली, आणि दोघींनी मिळून अंथरूण नव्याने घातलं. हीटर अजून तिच्याकडे आहे, बाळाच्या आंघोळीपुरता दहा मिनिटं चालतो. तो ज्या खोक्यातून आला, ते खोकं उघडून गादीखाली पसरलेलं आहे.