मेरठचं सोनं आणि कलम ३००

सरकारवर दावा लावता येतो का? येतो हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि जायचं कोर्टात. खरी गंमत त्यापुढे आहे.

सप्टेंबर १९४७. अमृतसरच्या एका पेढीचे रलियाराम सोनं-चांदी विकायला मेरठला आले. पोलिसांनी संशयावरून पकडलं, माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी जामीन झाला, पुढे चांदी परत मिळाली. आणि १०३ तोळ्यांहून जास्त सोनं? ते मालखान्यातून एका हेड कॉन्स्टेबलने लांबवलं आणि गडी थेट पाकिस्तानात पसार!

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पोलिसांचा निष्काळजीपणा झाला हे १९६४ च्या निकालात कोर्टाने मान्य केलं, आणि तरीही दावा फेटाळला. का? तर अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, त्यातल्या चुकीची भरपाई सरकारकडे मागता येत नाही. जप्ती सार्वभौम असेल बुवा, पण कुलूप नीट लावण्यात कसलं आलंय सार्वभौमत्व?

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे घटनेचं कलम ३०० वाचून हसूच आलं. संसद कायदा करेपर्यंत, घटना नसती तर सरकारवर जसे दावे चालले असते तसेच चालतील, म्हणे. म्हणून १९३५ चा कायदा उघडा. तो १९१५ कडे बोट दाखवतो, १९१५ चा १८५८ कडे, आणि तिथे उत्तर सापडतं: ईस्ट इंडिया कंपनीवर चालत तसे! याला आम्ही लेगसी कोड म्हणतो. कुणी हात लावायला धजत नाही.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर (आपले साताऱ्याचे) यांनी त्यातच संसदेला कायदा करायला सुचवलं होतं. १९६७ साली विधेयक आलंही. कायदा मात्र झाला नाही.

मग कोर्टांनीच पॅच मारले. १९९३ साली नीलाबती बेहेरा खटल्यात, पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली. मूलभूत हक्क तुडवला गेला तर सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, असं बजावलं. उत्तम झालं. पण मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीनेच मूलभूत हक्कांच्या यादीतून गेलाय. म्हणजे रलियारामांसारखं कुणाचं सोनं आज मालखान्यातून गेलं, तर सरकारी वकील १९६४ चाच निकाल पुढे करायला मोकळा.