डॅनिश मिळेल, पावरी मागू नका

दुकानातल्या मालावरचा मजकूर डॅनिशमधून इंग्रजीत करून देणारा अनुवादक हवा असेल, तर हल्ली फार पायपीट करावी लागत नाही. शब्दामागे दर ठरवा, काम घरपोच. आता नंदुरबारच्या बाजारात विचारून बघा : पाकिटावरचे इंग्रजी पावरीत किंवा मावचीत कोण सांगेल? त्यालाही माणूस हजर आहे. सध्या तो मागच्या गाळ्यात पोती लावतो आहे.

डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम 60 लाख. आपल्या 2011च्या जनगणनेत भिली-भिलोडीचे भाषक 1 कोटी 4 लाखांवर भरले. पावरी आणि मावची त्यातच मोजल्या जातात. आठव्या अनुसूचीबाहेरची देशातली ही सर्वांत मोठी भाषा. त्याच 2011मध्ये युरोपीय संघाने ठरवले, की खाद्यपदार्थावरची माहिती तो जिथे विकला जातो तिथल्या गिऱ्हाइकाला सहज कळेल अशा भाषेत हवी. आवेष्टित वस्तूंचे आपले नियमही त्याच वर्षी लागू झाले. त्यांचे समाधान देवनागरी हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एकावर होते. मराठीचीच सक्ती नाही, तिथे पावरीला कोण पुसतो! दुकानाची पाटी मात्र मराठीत हवी, आणि ठळक हवी; त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदतही दिली. पाटी वाचून आत आलेल्याने पुढे काय वाचावे, ते मुदतीच्या बाहेर राहिले. नवापूर स्थानकाचेही तेच. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, म्हणून घोषणा चार भाषांत; तालुक्याच्या घराघरांतली मावची त्या चारांत नाही.

बिस्किटाच्या पुड्यावरचे वाचता आले नाही, तर फारसे बिघडत नाही. कृषी सेवा केंद्रात बिघडते. नंदुरबार हा मिरचीचा मुलूख, म्हणजे फवारणी आलीच. औषधाच्या डब्यासोबत माहितीपत्रक द्यावे, ते हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एकदोन भाषांत असावे, असे 1971चे कीटकनाशक नियम सांगतात. पत्रक असते; घड्या उलगडत जावे तसतसे अक्षर बारीक होत जाते. अक्षरओळख नसलेल्यासाठी डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट छापतात आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरतात. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सिग्नलवर वाढलेला माणूस हिरव्याचा अर्थ ‘खुशाल जा’ असा लावेल. इथे तोही विषारीच, थोडा कमी एवढेच. ही गोम धडगावकडून आलेल्या शेतकऱ्याला कोणी सांगायची? अर्थात, पोती लावणाऱ्या त्या पोराने. मालक मराठीत किंवा अहिराणीत बोलतो, पोरगा ते पावरीत करतो, आणि सगळ्या पत्रकाचा अनुवाद एका वाक्यात आटपतो : पंपाला एक झाकण टाक. झाकण कोणत्या डब्याचे, हे गर्दी नसेल तर सांगतो.

नियमांत जादा भाषा छापायला कुठेही मनाई नाही. पत्रकातला कामाचा मजकूर पावरीत आणि मावचीत करून घेणे, किंवा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो ध्वनिमुद्रित करून दुकानात ऐकवणे, हे कंपन्यांना जड जाऊ नये. जाणकार माणसे तर काउंटरपलीकडेच उभी आहेत. फक्त त्यांनाही मग डॅनिशवाल्यासारखा शब्दामागे दर द्यावा लागेल, आणि घोडे बहुधा तिथेच पेंड खात असावे.