गोलरक्षकाचे शिखर कसे मोजावे?

१९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघ पाच सामने खेळला आणि त्यांत त्याने २९ गोल केले. त्यांपैकी १४ ध्यानचंद यांचे. हा आकडा क्रीडारसिकांना तोंडपाठ असतो. त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ही गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. आणि त्या वेळी गोलात रिचर्ड ॲलन उभे होते, हे त्याहूनही थोड्यांना. आता प्रश्न असा की, चौदा गोल करणे मोठे की एकही गोल होऊ न देणे? ‘दोन्ही आपापल्या जागी मोठे’ असे उत्तर देऊन बहुतेक जण सुटका करून घेतात. आमच्या मते हे उत्तर नम्र दिसले तरी आळशी आहे. शिवाय त्याच्या आडून व्यवहारात नेहमी गोल करणाऱ्यालाच झुकते माप मिळते.

मूल्यमापनाच्या या प्रश्नाला नेमके रूप दिले ते बेसबॉलचे भाष्यकार बिल जेम्स यांनी. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ऐतिहासिक संकलनात त्यांनी खेळाडूच्या मोठेपणाचे दोन भाग केले. एक, संपूर्ण कारकिर्दीत साठत गेलेले मूल्य. दुसरे, ऐन बहराच्या काळातले मूल्य. आपण त्यांना कारकीर्दमूल्य आणि शिखरमूल्य म्हणू. शिखरमूल्याचा विचार करताना ‘तो किती वर्षे खेळला’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘तो सर्वोत्तम असताना त्याच्या असण्याने संघाला किती लाभ होत होता’ एवढाच उरतो. एकाच जागेवरच्या दोघांची अशी तुलना अवघड नाही. खरी कसोटी लागते ती आघाडीचा खेळाडू, बचावपटू आणि गोलरक्षक यांना एका पंक्तीला बसवताना.

या कसोटीसाठी आम्ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचे उदाहरण घेतो. तेथील नॅशनल हॉकी लीगने दशकानुदशके आकडे नीट जपून ठेवले आहेत. शिवाय तीन वेगळ्या जागांवरची तीन उत्तुंग शिखरे तेथे स्पष्ट दिसतात : वेन ग्रेट्झ्की, बॉबी ऑर आणि डॉमिनिक हाशेक.

ग्रेट्झ्की यांचे शिखर कोणालाही दिसावे असे. १९८५-८६ च्या मोसमात त्यांनी ५२ गोल केले आणि १६३ गोलांना साहाय्य केले. एकूण २१५ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या मारियो लेमियू यांचे गुण १४१ होते. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत ७४ गुणांची दरी! पण या आकड्याकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. त्या खेळात एका गोलासाठी गोल करणाऱ्याला एक आणि साहाय्य करणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक, असे तीन गुण वाटले जाऊ शकतात. म्हणून ७४ गुण म्हणजे ७४ गोल नव्हेत. दुसरे असे की, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्ही संघ मिळून एका सामन्यात सुमारे ८ गोल होत. १९९७-९८ मध्ये ते प्रमाण सुमारे सव्वापाचवर आले. महागाईच्या काळातला रुपया आणि स्वस्ताईच्या काळातला रुपया एकाच भावाने मोजता येत नाही, तसेच गोलांचेही आहे.

हाशेक यांचे शिखर नेमके त्या ‘स्वस्ताई’च्या काळातले, जेव्हा एकेका गोलाला मोल होते. १९९७-९८ च्या मोसमात त्यांनी आपल्यावर आलेल्या दर हजार फटक्यांपैकी सुमारे ९३२ अडवले. लीगमधल्या सामान्य गोलरक्षकाचे प्रमाण तेव्हा सुमारे ९०६ होते. फरक केवळ सव्वीसाचा. वाचताना तो क्षुल्लक वाटतो. पण त्या मोसमात त्यांच्यावर दोन हजारांहून अधिक फटके आले. गुणाकार करून पाहिला, तर एका सामान्य गोलरक्षकाच्या तुलनेत त्यांनी आपल्या बफेलो संघाचे पन्नासाहून अधिक गोल वाचवले असे दिसते. सामन्यागणिक गोलच कमी होत असताना वाचवलेले हे पन्नास गोल कित्येक सामन्यांचा निकाल फिरवणारे असतात. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक त्यांना मिळाला. दोनदा हा मान मिळवणारा दुसरा गोलरक्षक झालेला नाही. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये उपान्त्य सामना बरोबरीत सुटल्यावर कॅनडाचे पाच खेळाडू एकामागून एक त्यांच्यासमोर आले आणि पाचही रिकाम्या हाताने परतले. त्या पाचांत ग्रेट्झ्की यांची निवडच झालेली नव्हती. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध एक गोल चेक संघाला सुवर्णपदकासाठी पुरला, कारण मागे हाशेक होते.

यावर एक सबळ आक्षेप आहे. गोलरक्षक शून्याहून खाली जाऊ शकत नाही. सामना जिंकण्यासाठी कोणीतरी गोल करावाच लागतो. हे खरे. पण गोल करणाऱ्यालाही मागचे दार उघडे ठेवून चालत नाही. फरक असा की, एकाचे काम घडलेल्या घटनेच्या रूपाने नोंदले जाते आणि दुसऱ्याचे काम न घडलेल्या घटनेच्या रूपाने विरून जाते. आकडे आपल्याला फसवतात ते येथे. ते खोटे नसतात, पण मोजायला सोपे तेच ते आधी मोजतात.

ऑर यांच्यापाशी मात्र हे सारे गणित वेगळ्याच वळणावर येते. ते बचावपटू. १९७०-७१ मध्ये त्यांनी ३७ गोल आणि १०२ साहाय्ये अशी १३९ गुणांची कमाई केली. त्या मोसमातला त्यांचा अधिक-उण्याचा आकडा, म्हणजे ते मैदानावर असताना संघाने केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांमधला फरक (संख्याधिक्याचा लाभ घेऊन केलेले गोल वगळून), १२४ होता. हा विक्रम आजवर मोडलेला नाही. १९६९-७० आणि १९७४-७५ अशा दोन मोसमांत ते लीगमध्ये गुणांच्या यादीत पहिले आले. दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला हे एकदाही साधलेले नाही. त्यांचा बॉस्टन संघ बलाढ्य होता आणि १९६७ नंतर लीगमधल्या संघांची संख्या वाढल्याने प्रतिस्पर्धी विरळ झाले होते, हे दोन्ही मुद्दे मान्य करूनही त्यांच्या आणि इतर बचावपटूंच्या मधले अंतर बुजत नाही. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांची कारकीर्द ६५७ सामन्यांत आटोपली. कारकीर्दमूल्यात ते ग्रेट्झ्की यांच्या जवळपासही येत नाहीत.

आमचे मत स्पष्टच सांगतो. तुलना करायचीच, तर प्रत्येकाला त्याच्या जागेवरच्या, त्याच्या काळातल्या सामान्य खेळाडूशेजारी उभे करावे, मधले अंतर संघाच्या जयापजयाच्या भाषेत मांडावे आणि मग ती अंतरे ताडून पाहावीत. या रीतीने हाशेक यांचे शिखर ग्रेट्झ्की यांच्या शिखराच्या खांद्याला खांदा लावून उभे राहते आणि ऑर यांचे या दोघांहून किंचित वर. कारण ऑर यांनी आपल्या जागेवरचे ठरलेले काम तर केलेच, शिवाय त्या जागेची व्याख्याच बदलली. बचावपटूने पुढे धाव घेऊन आक्रमण रचावे, ही अपेक्षा त्यांच्यानंतर रूढ झाली. गणित आपल्याला या निर्णयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. शेवटचे पाऊल विवेकानेच टाकावे लागते.

आपल्या हॉकीत हे माप लावून पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल स्वीकारला नाही. १९६४ मध्ये टोकियोत पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना १-० असा जिंकला. दोन्ही वेळी संघात गोलरक्षक होते महूचे शंकर लक्ष्मण. खडकीत वाढलेले धनराज पिल्ले १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक खेळले आणि त्यांपैकी एकातही भारताला पदक मिळाले नाही. पदकांच्या मापाने त्यांचे शिखर दिसणारच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना भारत बराच वेळ दहा जणांनिशी खेळला आणि बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला. त्या विजयात पी. आर. श्रीजेश यांचा वाटा किती, हे गोलांची यादी कधीच सांगणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या खेळाच्या हिशेबात का शिरावे? कारण आपणही जागांची उतरंड गृहीत धरूनच माणसे मोजतो. भालचंद्र नेमाडे यांनी कथा हा प्रकारच कादंबरीच्या तुलनेत दुय्यम ठरवला. तसे एकदा मानले की जी. ए. कुलकर्णी यांचे शिखर कितीही उंच असो, ते खुजेच ठरणार. गोलरक्षकाला ‘गोल किती केले?’ असे विचारण्यासारखेच हे आहे. केशवसुतांच्या कविता दीडशेच्याही आत; कारकीर्दमूल्याच्या तराजूत ते हलके भरतील. पण ऑर यांच्याप्रमाणे त्यांनी कवितेच्या जागेची व्याख्या बदलली. आणि शंकर गणेश दाते? १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांनी सिद्ध केलेली सूची नसती, तर किती पुस्तके विस्मृतीच्या जाळ्यात जाऊन पडली असती! दाते हे आपल्या वाङ्मयव्यवहाराचे गोलरक्षक. वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत त्यांच्यावर प्रश्न किती वेळा येतो, हे आपण सारे जाणतो.

अध्यापकांचे कामही अलीकडे गुणांकांत मोजले जाऊ लागले आहे. शोधनिबंध मोजता येतो; वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाचे वाचन सुटू न देणे मोजता येत नाही. म्हणून मोजणेच सोडून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. हाशेक यांचे पन्नास गोल मोजूनच तर दिसले. मागणी इतकीच की, मोजताना आधी जागा पाहावी, मग काळ पाहावा आणि जे घडले नाही त्याचाही हिशेब मांडावा. ‘श्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. ‘कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या जागेवर?’ असा प्रतिप्रश्न करावा. उत्तर शोधता शोधता तो समीक्षा शिकेल.