डेंटिस्टकडे जातेय!

ऑफिसात सगळ्यात सेफ कारण कोणतं? डेंटिस्ट! माझी एक मैत्रीण गेले आठ महिने दर दुसऱ्या शनिवारी 'रूट कॅनाल' करून घेतेय. दात ठणठणीत आहेत बाईसाहेबांचे. ती जाते सायकिअ‍ॅट्रिस्टकडे, डिप्रेशनसाठी. गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीत.

"सांगून टाक ना एकदा टीम लीडला," मी म्हटलं.

"अगं, आमच्याकडे कुणी एकच मेल दोनदा पाठवला तरी 'याला येरवड्याला टाका' म्हणून खिदळतात. आणि मी खरंच गोळ्या घेते म्हटल्यावर?"

बोला आता! पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे. हॉस्पिटलांची नावं आपण शिवीसारखी वापरतो. बीपी वाढलेल्या माणसाला कुणी 'केईएमला टाका' म्हणत नाही.

बरं, लपवाछपवी फुकट पडत नाही. लोणावळ्याच्या टीम आउटिंगला रूम शेअर करायची होती, म्हणून तिने डबी घरीच ठेवली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखं. या गोळ्या अचानक बंद केल्या की असं होऊ शकतं. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. टीमला वाटलं, रात्रीची चढली. तिनेही तेच सांगितलं. दारू चढलेली चालते, बॉस, डिप्रेशन नाही चालत!

कायदा आपल्यापेक्षा बराच मॉडर्न निघाला. २०१७चा मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट मे २०१८पासून लागू आहे. मेडिकल इन्शुरन्समध्ये मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पेशंटची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही आहे. मैत्रिणीच्या पॉलिसीत तर ओपीडीची फीसुद्धा मिळते. पण क्लेम फॉर्म जातो एचआरच्या टेबलावरून, म्हणून दर वेळी पैसे स्वतःच्या खिशातून. आता यात कायदा काय करणार?

बॉसलोकांनी 'मेंटल हेल्थ डे'ला फुगे नाही लावले तरी चालेल. हाफ डे मागितला तर 'कशासाठी' विचारू नका, एवढं पुष्कळ झालं. आणि टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६. सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कॉफी मशिनशेजारी चिकटवायला काय हरकत आहे? फायर ब्रिगेडचा असतोच की तिथे.