मशीनमधलं पाणी उतरत नाही?



वॉशिंग मशीन घरात आलं की मोरीतला धुण्याचा दगड आपण विसरूनच जातो. आणि मग एखाद्या रविवारी मशीन मध्येच थांबतं. झाकण उघडून पाहावं, तर साबणाच्या मळक्या पाण्यात कपडे तसेच, आणि त्यातच मुलांचे सोमवारचे गणवेश! मेकॅनिक म्हणतो, 'परवा येतो', आणि आला की नुसतं पाहून जाण्याचेही पैसे घेतो. तेव्हा त्याला बोलावण्याआधी आपण काय पाहू शकतो, ते आज सांगते. हे सारं वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनबद्दल आहे, बरं का.

सर्वांत आधी मशीन बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे हवेत. धुणं गरम पाण्याचं असेल तर पाणी निवू द्या.

आता नळीकडे वळा. आपल्याकडच्या अशा पुष्कळ मशीनना पाणी बाहेर फेकणारा पंप नसतोच. खाली एक झडप उघडते आणि पाणी उताराने निघून जातं. पाणी आपल्या पातळीच्या वर चढत नाही, हे शाळेत मुलांना मी शिकवते, तेच इथेही खरं. नळी उंबरठ्यावरून किंवा मोरीच्या कठड्यावरून नेली असेल, तर पाणी तेवढ्या उंचीपर्यंत उतरतं आणि थांबतं. म्हणून अर्धं पाणी गेलं नि खालचं राहिलं, की आधी नळीची उंची पाहा. ती जमिनीलगत सरळ असावी. मशीनमागे दबलेली किंवा मुडपलेली नसावी. तिचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडालेलं किंवा मोरीच्या भोकात घट्ट कोंबलेलं नसावं. बाल्कनीतून न्हाणीघरापर्यंत जोड देऊन नळी लांबवली असेल, तर जोड काढून पाहा.

पंपाच्या मशीनचं मात्र उलट असतं. त्याची नळी उंचावर अडकवायची असते. आपलं मशीन कोणतं, ते सोबतच्या पुस्तिकेत मिळेल.

नळी ठीक असूनही पाणी जात नसेल, तर मगाने उपसून काढा. तळाचं पाणी काढायला रबरी नळी पाण्याने भरून घ्या, दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबा, एक टबात बुडवा आणि दुसरं खाली बादलीत सोडा. तोंडाने मात्र ओढू नका, पाणी साबणाचं आहे! मग खाली जुना टॉवेल अंथरून मशीनची नळी सोडवा आणि नळाच्या धारेखाली धुवा. तिच्या वळ्यांत धाग्यांचा गाळ नि साबणाचा थर बसतो. कधी त्यात एखादं बटण नाहीतर पिन निघते.

नळी पुन्हा बसवून, प्लग लावून, झाकण नीट बंद करून नुसता 'स्पिन' लावा आणि कान देऊन ऐका. आतून घरघर येते पण पाणी येत नाही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. काहीच आवाज नाही, तर झडपेची मोटर, पंप किंवा वायर बिघडली असण्याचा संभव. उंदीरही खालून शिरून वायरी कुरतडतात. इथे आपलं काम संपलं. मागचे स्क्रू उघडू नका. एक तर शॉकची भीती, आणि गॅरंटीतल्या मशीनची गॅरंटीही जायची.

मेकॅनिकला मात्र सगळं नीट सांगा: पाणी किती उतरलं, आवाज आला का, काचेवर कोणती अक्षरं दिसली. एलजीच्या मशीनवर 'ओ-ई' किंवा सॅमसंगच्या मशीनवर '५-सी' दिसलं, तर अर्थ हाच की पाणी बाहेर जात नाही. आपल्याला एवढं ठाऊक आहे हे कळलं, की नको ते भाग बदलायला तोही सांगणार नाही.

आणि हे रोजच्यासाठी:

१) कपडे टाकण्याआधी खिसे उलटे करा. नाणी, आकडे, सेफ्टी पिना आधी काढा.

२) रुमाल, पायमोजे, बाळाची झबली जाळीच्या पिशवीत घालून टाका.

३) धाग्यांची जाळी दर धुण्यानंतर साफ करा.

४) मशीनचीच पावडर वापरा, तीही बेताने. फेस फार झाला तरी पाणी नीट उतरत नाही.

तोवर अडकलेले गणवेश हाताने पिळून पंख्याखाली टाका. सोमवारची शाळा काही थांबत नाही!