दोन थेंब आणि माणसांच्या भिंती

पोलिओ रोखण्याचे ज्ञान माणसाकडे साठ वर्षांहून अधिक काळ आहे. लस स्वस्त आहे, ती पाजायला डॉक्टरही लागत नाही. 1988 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या आजाराच्या निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा 125 देशांत मिळून दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले त्याने लुळी पडत होती. आज मूळ विषाणूचे ठाण दोनच देशांत उरले आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. पण हा शेवटचा टप्पा काही केल्या संपत नाही. पाकिस्तानात 2023 मध्ये 6 रुग्ण होते, 2024 मध्ये ते 70 च्या वर गेले. लस तर आहे, मग अडते कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसांनी एकमेकांत उभारलेल्या भिंतीच समोर येतात.

गंमत अशी की, तोंडाने पाजायची ही लस दोन शत्रूंच्या सहकार्यातून जगापुढे आली. अल्बर्ट सेबिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ती तयार केली. अमेरिकेत तेव्हा इंजेक्शनची लस रूढ झाली होती, त्यामुळे नव्या लसीची मोठी चाचणी तिथे शक्य नव्हती. ती चाचणी 1959 मध्ये सोव्हिएत रशियात झाली. मिखाइल चुमाकोव्ह यांनी कोट्यवधी लोकांना ही लस दिली. दोन्ही देश तेव्हा एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते. देवीच्या रोगाचेही तसेच. निर्मूलनाचा प्रस्ताव 1958 मध्ये रशियाने मांडला, मोहिमेचे नेतृत्व अमेरिकी डॉक्टर डोनाल्ड हेंडरसन यांनी केले आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या देशांतले वैर संपले नव्हते. फक्त एक काम त्यांनी वैराबाहेर ठेवले होते.

ते काम वैराच्या आत ओढले की काय होते, हे नायजेरियाने दाखवले. 2003 मध्ये तिथल्या कानो आणि इतर काही उत्तरेकडच्या प्रांतांनी पोलिओ लसीकरण थांबवले. या लसीने मुली वांझ होतात, मुसलमानांची संख्या घटवण्याचा हा पाश्चात्त्यांचा डाव आहे, अशी वदंता होती. वदंता खोटी होती, पण ती रुजायला जमीन तयार होती. 1996 मध्ये याच कानोत मेंदूज्वराच्या साथीत एका बड्या विदेशी कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती. त्यात मुले दगावली, पालकांना नीट कल्पना दिली नव्हती असा आरोप झाला आणि प्रकरण कोर्टात गेले. लोक ते विसरले नव्हते.

अखेर 2004 मध्ये कानोने लस स्वीकारली ती इंडोनेशियात बनलेली, कारण तो मुस्लिमबहुल देश. तोवर विषाणू नायजेरियाबाहेर सुमारे 20 देशांत पसरला होता. 2005 मध्ये तो त्याच इंडोनेशियात पोहोचला आणि तिथली सुमारे 300 मुले लुळी पडली. माणसांनी आपला आणि परका अशी निवड केली. विषाणूने तसे काही केले नाही.

पाकिस्तानची कथा याहून कडू आहे. 2011 मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. ती कावीळ प्रतिबंधक लसीची होती, पण तिचा फटका पोलिओला बसला. पुढच्याच वर्षी वजिरिस्तानात तालिबानी गटांनी लसीकरणावर बंदी घातली. तेव्हापासून घरोघर जाऊन थेंब पाजणाऱ्या अनेक महिला आणि त्यांच्या रक्षणाला दिलेले पोलीस गोळ्यांना बळी पडले. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असे अमेरिकेने 2014 मध्ये जाहीर केले. पण गेलेला विश्वास जाहीर पत्रकाने परत येत नाही. बंदूक चालवणाऱ्यांचा गुन्हा याने कमी होत नाही, पण संशयाला खतपाणी बलाढ्यांनीही घातले, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मग विश्वास येतो कुठून? याचे एक उत्तर मुंबईत सापडते. 1896 मध्ये इथे प्लेग आला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. सरकारी सक्तीमुळे लोक तेव्हा भेदरलेले होते. अशा वेळी इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी लस टोचून घेतली, आपल्या समाजालाही तयार केले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतूनच पोलिओचे डोस देशोदेशी गेले.

उत्तर प्रदेशातही हाच धडा गिरवावा लागला. 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते, जगात सर्वाधिक. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम मोहल्ल्यांत दारे बंद होत. नकार देणाऱ्या घरांवर पथके ‘एक्स’ अशी खूण करीत. ज्या वस्तीत गटार नाही, दवाखाना नाही, तिथे सरकार दर महिन्याला फक्त दोन थेंब घेऊनच का येते, हा लोकांचा प्रश्न रास्त होता. मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द यांची मदत घेतली गेली. इमामांनी मशिदीतून आवाहन केले. मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार गेल्या. जोडीला स्वच्छता आणि जुलाबावरच्या उपचारांकडेही लक्ष दिले गेले. 13 जानेवारी 2011 नंतर देशात मूळ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. कोणाला आपली ओळख सोडावी लागली नाही. उलट त्या ओळखीच्याच वाटेने लस घरात गेली. राष्ट्रे आणि जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, ही कुरआनातील शिकवण रमजानमध्ये आपण अनेकदा ऐकतो. तिचा रोजच्या व्यवहारातला अर्थ याहून वेगळा काय असणार?

आजचे चित्र मात्र उलट्या दिशेचे आहे. ऑगस्ट 2024 मध्ये गाझात 25 वर्षांनी पोलिओचा रुग्ण आढळला, अवघ्या 10 महिन्यांचे बाळ. अपुऱ्या लसीकरणात फैलावणारा, लसीतल्याच विषाणूपासून बदललेला हा प्रकार होता. सप्टेंबरमध्ये भागाभागाने काही तास लढाई थांबली आणि साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब मिळाले. ते तास संपले की पुन्हा बॉम्ब. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. शीतयुद्धाच्या काळातही जे काम भांडणाबाहेर राहिले, तेच आता भांडणाचा विषय झाले आहे.

जगाचे ऐक्य म्हणजे सर्वांनी सारखे होणे, अशी अपेक्षा कोणी करू नये. ते होणारही नाही. पण मुलांचे आरोग्य, पाणी, हवा अशी काही कामे आपल्या वैरातून वगळायची, एवढा करार तरी माणसांना जमायला हवा. तो एकदा जमला होता, म्हणून देवी गेली. पोलिओ गेला नाही, तर त्याला लस जबाबदार नसेल.